दहा-एक्केचाळीस

"सांग, यातलं कुठलं?" मामांनी विचारलं.

आमच्या गॅरेजच्या शेडमध्ये मधोमध गोणपाटावर गाड्यांची तीन डिफरन्शियल मांडली होती. साडीवर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट चढवून मी उकिडवी बसले होते आणि तिन्हींकडे आळीपाळीने बघत होते. मामा म्हणजे माझे सासरे, केरबा सुतार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगळे त्यांना केरबा मिस्त्री म्हणायचे. मला बघायला आले तेव्हा बाकीच्यांनी स्वयंपाकाचं आणि शिवणाचं विचारलं. यांनी विचारलं, "डिप्लोमा केलाय म्हणताय, तर मायक्रोमीटर धरता येतोय काय?" मी हो म्हटलं आणि लग्न ठरलं. आमचे हे साखर कारखान्यात फिटर, हंगामात घरी येत ते फक्त झोपायला. दुपारचा डबा घेऊन शेडमध्ये जाता जाता मी तिथंच कधी रुळले, ते सासूबाईंच्याही ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा माझी नखं काळी झालेली होती.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीतली.

गाडी आप्पासाहेब नरंदेकरांची. चौपन्न सालची मॉरिस, मेंदीच्या रंगाची, गोल पाठीची. आप्पासाहेब उसाचे बागायतदार, मिशा पांढऱ्या आणि हौस मात्र विशीतल्या पोराची. एका मोडीत निघालेल्या अमेरिकन गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन त्यांनी पैदा केलं आणि या बिचारीच्या पोटात घातलं. ते इंजिन सुरू केलं की समोरच्या टपरीवरच्या कपबश्या वाजायला लागायच्या. आम्ही सगळे हातातली कामं टाकून ऐकत उभे राहायचो.

पण मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो, ज्याला डिफरन्शियल म्हणतात, तो जुनाच राहिला होता. इंजिनाचं फिरणं लांब दांड्यावरून या गोळ्यात येतं आणि तिथून वळून चाकांना मिळतं. आत दातेरी चाकांची जोडी असते. ताटाएवढं मोठं ते क्राउन आणि त्यात अडकून फिरणारं लहान ते पिनियन. चाळीस घोड्यांसाठी केलेल्या त्या जोडीला आप्पासाहेबांनी शंभर घोडे जुंपले. दोष गाडीचा नव्हताच. डिसेंबरात शिरोलीच्या सपाट रस्त्यावर त्यांनी गाडी जोरात काढली, आत एक दात तुटला, तुकडा बाकीच्या दातांत अडकला आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली. गाडी दोन गिरक्या घेऊन उसात गेली. ऊस दाट होता म्हणून आप्पासाहेब वाचले.

आणि आता जानेवारीच्या शेवटच्या रविवारी जुन्या गाड्यांची घाटचढाई होती. हौशी मंडळींनीच ठरवलेली स्पर्धा. खाली करूळ, वर गगनबावडा, मध्ये वळणावळणांचा चढ आणि एका बाजूला दरी. तिथं दात तुटला तर अडवायला ऊस नव्हता.

"बघत काय बसलीस? बोल की," मामा म्हणाले.

"पहिलं मूळच्याच मापाचं हाय. नवं कोरं. काही कापायला नको, नुसतं बसवायचं. पण परत तुटणार."

"आप्पासाहेबास्नी तेच पाहिजे. गाडीचं मूळपण जातंय म्हणत्यात."

"मूळपण इंजिन बदललं तेव्हाच गेलं की, मामा."

मामा मिशीत हसले. "बरं. दुसरं?"

"जीपचं. हे जन्मात तुटायचं न्हाई." मी पिनियन बोटाने फिरवत दात मोजले. "याला आठ, क्राउनला त्रेचाळीस. म्हणजे दांड्याचे पाचाच्या वर फेरे झाले की चाकाचा एक फेरा. घाट चढंल, पण रडत चढंल. इंजिन बोंबलत ऱ्हाणार आणि सायकलवाला पुढं जाणार."

"तिसरं?"

तिसरं मिरजेच्या भंगारवाल्याकडून मामांनीच आणलं होतं, कुठल्यातरी जुन्या बंद गाडीचं. मी क्राउनवर वीत टाकली, तर वीत संपून दोन बोटं उरलं. पिनियनची मान माझ्या मनगटाएवढी जाड होती. दात मोजले. एकदा मोजून विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले आणि माझ्या अंगात वारं शिरलं.

"दहा आणि एक्केचाळीस! चाराच्या जरा वर. मामा, याला असंच पाहिजे. या इंजिनाच्या अंगातच जोर हाय, त्याला जीपचा टेकू कशाला? हे टिकंलबी आणि पळंलबी."

"रुंदीला बसंल?"

"न्हाई. चार बोटं जास्त हाय. दोन्ही चाकांकडच्या नळ्या कापून परत जोडाय लागतील, आतले दांडे आखूड कराय लागतील. पाच दिवसांचं काम."

"आन् ही जोडी एकमेकांचीच कशावरनं? भंगारवाला कुणाचं क्राउन कुणाच्याबी पिनियनला लावून देतोय. नंबर वाच."

जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून तयार करतात आणि दोन्हींवर एकच नंबर कोरतात. मी रॉकेलने पुसून बघितलं. "तीनशे सतरा. आणि इथंबी तीनशे सतरा."

"मग कुठलं?"

"तिसरं."

"तुझ्या नावावर?"

"माझ्या नावावर."

मामांनी मान एका बाजूला कलती करून माझ्याकडे बघितलं. हल्ली ते सगळ्यांकडेच असं तिरकं बघायचे. उद्यमनगरात कुजबुज होती की मिस्त्रीला म्हातारपणी ताठा चढला. मला मात्र ती नजर म्हणजे परीक्षकाची वाटायची. गेल्या गणपतीपासून ते मला दरेक गोष्ट विचारत होते. किती दात, कुठला नंबर, चीर कुठं दिसती. स्वतः आधी बोलायचे नाहीत. मी सांगितलं की हुंकार द्यायचे. एकदा तरी "शाबास, जमलं तुला" असं त्यांच्या तोंडून ऐकायचं, एवढीच माझी तेव्हाची आस होती. त्यासाठी मी जेवणखाण विसरले असते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा विसरतच होते.

ते पाच दिवस कसे गेले विचारू नका. नळ्या कापल्या, लेथवर तोंडं सरळ केली, जोडल्या, परत लेथवर धरून बघितल्या. आप्पासाहेब रोज सकाळी येऊन मूळपणाचं रडगाणं गात आणि रोज संध्याकाळी हळूच इंजिन चालू करून ऐकून जात. शुक्रवारी सगळं जागेवर आलं. राहिलं ते शेवटचं आणि सगळ्यांत नाजूक काम, दात जुळवायचं.

मारुतीला लावतात तोच शेंदूर आम्ही तेलात कालवायचो आणि क्राउनच्या दातांना फासायचो. मग जोडी हाताने फिरवायची. पिनियनचा दात जिथं टेकेल तिथला शेंदूर पुसला जातो आणि खूण उमटते. ती खूण दाताच्या बरोबर मध्यभागी पडली पाहिजे. शेंड्याला पडली किंवा मुळाला पडली, तर सगळा भार कडेवर येतो आणि आज ना उद्या दात जातो. खूण सरकवायची तर पिनियनच्या बुडाशी पातळ पत्र्याच्या चकत्या घालायच्या किंवा काढायच्या. दरेक वेळी सगळं खोलायचं, बसवायचं, फासायचं, फिरवायचं. केरबा मिस्त्रींनी जुळवलेले दात चाळीस वर्षांत कधी तुटून परत आले नव्हते. त्यांचं सगळं नाव त्या खुणेवर उभं होतं.

शिवाय त्यांचा एक रिवाज होता. नव्याने बांधलेलं डिफरन्शियल घेऊन गाडी पहिल्यांदा चढाला लागली की ज्यानं ते बांधलं त्यानं मागच्या सीटवर, बरोबर त्याच्या डोक्यावर बसायचं. चप्पल काढायची, तळवे फरशीला टेकवायचे आणि ऐकायचं. काही बिघडलं तर पहिली झळ त्यालाच बसायची. मी चार वर्षांत कितीतरी वेळा मामांना तसं बसून जाताना बघितलं होतं.

शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही चौथ्यांदा खोलून बसवलं. गाडी करूळला न्यायला ट्रक बाहेर येऊन उभा होता, चार वाजता निघायचं होतं, ड्रायव्हर हॉर्न देऊन जीव खात होता. मी शेंदूर फासला आणि फिरवलं.

"कुठं लागलाय?" मामांनी विचारलं.

खूण मुळाकडे होती. फार नाही, नखभर. आदल्या तीन वेळांपेक्षा पुष्कळच बरी. आणखी एकदा खोलायचं म्हणजे दोन तास, म्हणजे ट्रक जाणार, स्पर्धा जाणार. मी मान वर केली. मामा वाकून त्याच दाताकडे तिरके बघत होते. मी मनात म्हटलं, हे बघतायतच. मी चुकले तर सांगतीलच.

"मध्यभागी," मी म्हणाले.

मामा बराच वेळ तसेच बघत राहिले. मग म्हणाले, "बंद कर."

मला इतकं हलकं वाटलं! मिस्त्रींनी पास केलं म्हणजे नखभराचं काही नसणार, मलाच उगीच शंका. मी हसत हसत बोल्ट आवळले.

रविवारी सकाळी करूळमध्ये जत्रा लोटली होती. चौदा गाड्या, एकीपेक्षा एक नटलेल्या. मडगार्डांवर झेंडूच्या माळा, चहाच्या टपरीवर गर्दी, कुणी टायर बघतंय, कुणी रेडिएटरला पाणी पाजतंय. पंच मोकाशी, एक निवृत्त सुभेदार, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून शिट्ट्या मारत होते. आठ वाजता पहिली गाडी सुटणार, मग तीन-तीन मिनिटांनी पुढच्या. घाट अकरापर्यंतच बंद ठेवायची परवानगी होती. आमचा नंबर सातवा. आप्पासाहेबांनी फेटा बांधला होता आणि ते दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. पहिली गाडी गर्जत सुटली.

"कुंदा, हिकडं ये," मामांनी मला टपरीच्या मागं बोलावलं.

"आलो, मामा." आमच्या कोल्हापुरात बायकाही 'आलो, गेलो' असंच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना त्याचं फार हसू येतं.

"आज मागं तू बसायचं."

मला वाटलं, हीच ती शाबासकी. मी फुलून म्हटलं, "मी? खरंच? पण बांधलंय तर तुम्ही."

"मी न्हाई बांधलं. तू बांधलंयस." त्यांनी आवाज खाली घेतला. "घरात कुणाला बोललो न्हाई, तुझ्या नवऱ्यालाबी न्हाई. गेल्या गणपतीपास्नं मला मधलं दिसत न्हाई. कडंचं दिसतंय. तू आता म्होरं उभी हाईस, तुझा खांदा दिसतोय, साडीचा काठ दिसतोय, तोंडाच्या जागी नुसता धूर. मिरजेला डॉक्टरला दाखवून आलो. परत येत न्हाई म्हणाला."

ते मान कलती करून माझ्या कानाच्या बाजूला बघत होते.

"मग तुम्ही मला विचारत होता ते... किती दात, कुठं लागलाय..."

"परीक्षा न्हवतो घेत, पोरी. मला म्हाईत नसायचं."

तिकडं तिसरी गाडी सुटली, लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या. मला फक्त तो एक दात दिसत होता आणि त्याच्या मुळाशी नखभर पुसलेला शेंदूर. काल तो माझ्याशिवाय जगात कुणीच बघितला नव्हता.

खोटं कशाला बोलू, त्याही क्षणी मनात आलं की गप्प बसावं. नखभरच तर आहे. टिकेल एक घाट, उद्या शेडमध्ये खोलून नीट करता येईल. मामांनी आताच एवढं मोठं काही माझ्या ओंजळीत टाकलं होतं, आणि त्यावर मी काय टाकणार होते? आणि मग मला शिरोलीच्या उसात शिरलेली गाडी आठवली. आप्पासाहेब फेटा सावरत दार उघडत होते. वरच्या वळणावर दरीच्या काठाला नुसते पांढरे दगड होते.

"मामा, मी काल खोटं बोललो."

"काय?"

"मध्यभागी न्हाई लागलेला. मुळाकडं हाय. नखभर. मला वाटलं तुम्ही बघताय."

मामांच्या कपाळाची शीर उडायला लागली. रागावले असते, हात उचलला असता तरी चाललं असतं मला. मग ते एकदम वळले आणि टपरीच्या बाकाला धडकून, सावरून, आप्पासाहेबांच्या आवाजाच्या दिशेने गेले.

"आप्पासाहेब, उतरा खाली. गाडी जाणार न्हाई."

"अहो मिस्त्री, दोन गाड्यांनंतर नंबर आहे माझा!"

"डिफरन्शियल उघडायचंय."

"आत्ता? वेड लागलंय काय तुम्हाला? सगळं गाव बघतंय!"

"बघू द्या. मी न्हाई म्हणालो म्हंजे न्हाई."

आप्पासाहेबांनी फेटा काढून सीटवर आपटला. मोकाशींनी घड्याळ दाखवलं आणि नियम सांगितला: नंबर चुकला की स्पर्धेतून बाद. पावणेअकराच्या आत तयार झालात तर हौस म्हणून चढून जा, वेळ धरणार नाही. तेव्हा सव्वाआठ होत आले होते.

टपरीवाल्याचं टेबल आम्ही रिकामं करून घेतलं. मी गाडीखाली शिरले. तेल काढलं, चाकं काढली, आतले दांडे ओढले आणि गोळ्यातली ती जोडी पोटावर घेऊन बाहेर आले. साडीचं पार पोतेरं झालं. भोवती माणसांचं कडं जमलं. "बाई काय करालीय बघ," असं कुणीतरी म्हणालं, आणि मामा न बघताच गुरकावले, "काम करालीय. उजेड सोड."

मी पिनियन सोडवलं. चकत्या मामांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी अंगठ्याच्या नखाने एकेक उचलली, बोटांत चोळली आणि एक बाजूला काढली. "ही पाच गेजाची. ही काढ." मी मायक्रोमीटर लावला. पाचच होती, इंचाच्या हजार भागांतले पाच. डोळे माझे आणि बोटं त्यांची, असं आमचं सुरू झालं. बसवलं, आवळलं, शेंदूर फासला, फिरवलं.

"कुठं लागलाय?"

साडेनऊ वाजून गेले होते. शेवटची गाडीही केव्हाच वर पोचली होती. आप्पासाहेब माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. तीनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अजून मुळाकडं हाय, मामा. कालच्यापेक्षा कमी. पण हाय."

"खोल परत."

आप्पासाहेब "अहो!" म्हणून ओरडले. मी तोवर बोल्टला पाना लावलाही होता. माझे हात असे चालत होते की माझेच मला कळेनात. एकदा बोट चिमटलं, रक्त आलं, ते शेंदरात मिसळलं, कुणाला फरक कळला नाही. मामांनी आणखी एक पातळ चकती काढली, अगदी कागदासारखी. क्राउनची ढिलाई बोटाने हलवून बघितली, दोन्ही बाजूंच्या चुड्या, म्हणजे क्राउन इकडंतिकडं सरकवणारी आट्यांची कडी, सारख्या केल्या. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. दहा वाजून वीस मिनिटांनी मी पुन्हा शेंदूर फासला आणि फिरवलं. पुढं फिरवलं, मागं फिरवलं. एक दात बघितला, चौथा बघितला, अकरावा बघितला.

"कुठं?"

"मध्यभागी."

मला वाटलं, आता विचारतील, नक्की का? शपथ घालतील. मी तयारच होते. पण ते नुसते म्हणाले, "बंद कर."

काल याच दोन शब्दांनी मी हसले होते. आज न हसता मी पाना उचलला आणि गाडीखाली शिरले.

दहा बावन्नला मॉरिस चढाच्या तोंडाला लागली. मोकाशी म्हणाले, "सात मिनिटं उशीर आहे हो." मग इकडं तिकडं बघून म्हणाले, "जावा! पटकन जावा! मी वर वायरलेसवर सांगतो." आणि त्या नियमवाल्या माणसाने स्वतःच शिट्टी मारली.

मी मागच्या सीटवर चप्पल काढून तळवे फरशीला टेकवून बसले होते. आप्पासाहेबांनी क्लच सोडला आणि सहा सिलिंडर एकदम बोलले. मी मागं आदळले. असा ओढा मी आयुष्यात अनुभवला नव्हता! पहिलं वळण, दुसरं वळण, गिअर खाली, गिअर वर. दगडी कठडे मागं पळत होते. माझे कान, माझे तळवे, माझं सगळं अंग त्या एका गोळ्यात उतरलं होतं. खालून एकसुरी बारीक गुणगुण येत होती. ती जाड झाली तर संपलं.

"कसं आहे?" आप्पासाहेब ओरडले.

"दाबा!" मी ओरडले.

"किती?"

"पूर्ण दाबा, आप्पासाहेब!"

त्यांनी दाबलं. मधल्या उभ्या चढावर, जिथं ट्रकसुद्धा दम खातात, तिथं ती सत्तर वर्षांच्या माणसाची चाळीस वर्षांची गाडी वर उसळत गेली. तेवढ्यात मागून 'खट्' आवाज आला. पुन्हा 'खट्', वळणावर. मी खाली कान लावला. गुणगुण तशीच होती. मग माझ्या ध्यानात आलं, डिकीत जॅक सुटा टाकलाय, मीच घाईत टाकलाय. मी एवढ्या मोठ्याने हसले की आप्पासाहेब घाबरले.

"काय झालं?"

"काही न्हाई! जॅक नाचतोय! दाबा!"

गगनबावड्याच्या शेवटच्या वळणावर माणसं रस्त्यात आली होती. वर वेळ टिपणाऱ्याने घड्याळ लावलेलं होतंच, नियम गेला खड्ड्यात. नऊ मिनिटं चाळीस सेकंद. पहिल्या आलेल्या गाडीपेक्षा बावीस सेकंद कमी. बक्षीस नव्हतं, नोंद नव्हती, पण लोकांनी आप्पासाहेबांना उचललं आणि त्यांचं धोतर सुटता सुटता राहिलं. मी खाली वाकून गोळ्यावर हात ठेवला. कढत होता, पण हात ठेवता येत होता. तिथंच रस्त्यावर बसून मी थोडी रडले, थोडी हसले.

मामा मागून स्पर्धेच्या जीपमधून आले. आप्पासाहेब धावत गेले आणि त्यांनी मामांचे दोन्ही हात धरले.

"मिस्त्री, तुमच्यासारखी नजर महाराष्ट्रात नाही! गर्दीत उभं राहून सांगितलंत, उघडा म्हणून! काय नजर, काय नजर!"

टाळ्या झाल्या. मामांनी हात सोडवून घेतले.

"आप्पासाहेब, मला दिसत न्हाई."

काही जण हसले. मिस्त्रींनी विनोद केला असं त्यांना वाटलं.

"तुम्ही कुठं उभं हाईसा ते आवाजावरनं कळालंय. तोंड दिसत न्हाई. चार-पाच म्हैने झाले. तुमच्या गाडीचं डिफरन्शियल ह्या माझ्या सुनंनं निवडलं, हिनंच दात जुळवले. काल माझ्यापाशी खोटं बोलली. आज समदं गाव बघत असताना हिनंच खरं सांगितलं. मी नुसता चकत्या मोजाय बसलो व्हतो."

कुणी टाळी वाजवली नाही. चाळीस वर्षांचं नाव त्या माणसाने रस्त्यावर उभ्या उभ्या खाली ठेवलं होतं, आणि माझी चूकही माझ्या शेजारी सगळ्यांसमोर मांडली होती. शरमेने माझे कान तापले. कौतुक आणि शिक्षा एकदमच मिळाली होती आणि दोन्ही माझ्या हक्काची होती. उद्यमनगरातले तीन-चार गॅरेजवाले गर्दीत होते, ते एकमेकांकडे बघू लागले. उद्यापासून केरबा मिस्त्रीकडे काम कोण देणार, हे त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. मामांना ते वाचता येत नव्हतं, पण माहीत होतं.

आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग घसा खाकरून, चाळीस वर्षांच्या सवयीने मामांकडे वळून म्हणाले, "मग आता गाडी कोल्हापूरपर्यंत चालवत नेऊ, की ट्रकवर..."

आणि मध्येच थांबले. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं.

"चालवत नेऊ काय, बाई?"

"न्या," मी म्हणाले. "पण साठच्या वर न्यायची न्हाई. पन्नास-पंचावन्न किलोमीटर हाय, दोनदा थांबा, गोळ्याला हात लावून बघा. हात ठेववंना झाला तर तिथंच उभी करा आणि मला निरोप धाडा. घरी गेल्यावर तेल बदलायचं. जुनं तेल टाकायचं न्हाई, माझ्याकडं आणायचं. त्यात लोखंडाचा कीस किती आलाय ते मी बघणार."

आप्पासाहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, तेल कुठलं घालायचं. मी तेही सांगितलं. मामा जीपला टेकून उभे होते. सगळं ऐकत होते, आणि शेवटपर्यंत मध्ये एक शब्दही बोलले नाहीत.